थारला जादाचे लाईट: बंपरवर जोडी की टपावर बार?

हर्सूलवाट

राम राम मंडळी.

गाडी थार, हेडलाईट कंपनीचेच हॅलोजन. राहायला गंगापूर रोडला, पण काम पाणलोटाचं, त्यामुळे फिरणं सगळं पेठ, हर्सूल, सुरगाणा पट्ट्यात. दिवसा बंधाऱ्याच्या जागा बघायच्या आणि बैठक माणसं शेतातून परतल्यावर, म्हणजे निघेपर्यंत अंधारच. डांबरी सुटून पाड्याच्या वाटेला लागलं की हेडलाईट समोरच्या पट्ट्यापुरता उजेड देतात. वळणाच्या आतल्या अंगाला काय आहे, डाव्या चाकाखाली चारी आहे का दगड, हे गाडी वळल्यावरच कळतं. आषाढ-श्रावणात वर धुकं.

शहरातल्या एका दुकानात चौकशी केली. ते म्हणाले, टपावर पन्नास इंची एलईडी बार टाकू, रात्रीचा दिवस होईल. वायरिंगचं विचारलं तर, "हेडलाईटच्या वायरीला जोड मारतो, तासाभरात गाडी घेऊन जा." ते काही पटलं नाही, म्हणून इथे विचारतोय.

बंपरवर दोन लॅम्प बरे की बार? एलईडी की हॅलोजन? पांढरा उजेड की पिवळा? वायरिंग नीट कसं करतात? आणि आरटीओचं काय? दहा-बारा हजारांपर्यंत खर्च जमेल.

डोंगरभैरव

टप विसरा, लॅम्प बंपरवरच लावा. टपावरच्या बारचा निम्मा त्रास स्वतःच्याच बॉनेटवर पडणाऱ्या उजेडाचा असतो. बॉनेट चकाकतं, डोळ्याची बाहुली बारीक होते आणि लांबचं दिसायचं तेही दिसेनासं होतं. धुक्यात तर समोर पांढरी भिंतच उभी राहते. शिवाय साठ-सत्तरच्या वेगाला वाऱ्याची शिट्टी वाजते ती वेगळीच. आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी बार उतरवून ठेवलेत, ते फक्त तंबू लावताना वापरतात.

मिसळपंढरी

रात्रीचा दिवस करून देणारा दुकानदार मिळाला तर पत्ता द्या, आमच्याकडचं लोडशेडिंग तरी मिटेल :)

पंचवटीचा_वकील

कायद्याचं आधी बोलतो, कारण पैसे खर्च झाल्यावर कोणी ऐकत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १११ सांगतो की गाडीच्या पुढे स्पॉटलाईट किंवा सर्चलाईट लावायचा नाही. अपवादात्मक परिस्थितीत, तोही नोंदणी प्राधिकाऱ्याची आधी मंजुरी घेऊन. नियम १०६ डोळे दिपण्याबद्दल आहे. लॅम्पपासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याला झोताने दिपता कामा नये, असा झोत कायम खाली वळवलेला, नाहीतर चालकाला खाली वळवता येणारा हवा. समोरून दुचाकीवर येणारा माणूस डोळ्यांपुढे आणा, बरोबर तोच हा.

दुसरं, लॅम्प लावायला बुल बार (बंपरपुढचा लोखंडी सांगाडा) बसवू नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं आहे. धडकेत एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत धक्का पोचण्यात त्याचा अडथळा येतो, आणि पायी चालणाऱ्याला तर तो लोखंडी दांडाच लागतो.

हर्सूलवाट

वकीलसाहेब, म्हणजे सरळ लावूच नको म्हणता?

पंचवटीचा_वकील

सार्वजनिक रस्त्यावर ते पेटवून फिरू नका म्हणतो. लांब फेकणारे स्पॉट तर घेऊच नका. रुंद पसरणारे, कमी उंचीवर, वर अपारदर्शक झाकण आणि ते फक्त कच्च्या वाटेवर काढायचं, एवढं पाळलंत तर समोरच्याला तुमचा त्रास नाही. लेखी विचारून घ्यायचं असेल तर आरटीओ पेठ रोडलाच आहे, तुमच्या रोजच्या वाटेवर.

डोंगरभैरव

वकीलसाहेबांचं बरोबर आहे. पण कंपनीचा हेडलाईट अप्परवर असताना समोरच्याला दिपवत नाही का? नियम लॅम्पला आहे, पण दोष वापरणाऱ्याचा असतो.

सावळघाट_डॉक्टर

दोष वापरणाऱ्याचा असतो हे खरं, पण तो भोगतो समोरचा. मी पेठ तालुक्यात दवाखान्याचं काम बघते, बोलेरो स्वतः चालवते. सावळघाट रात्री उतरताना समोरून असा बार पेटवून कोणी आलं की दोन-तीन सेकंद मला फक्त पांढरं दिसतं. चाळीसच्या वेगात तीन सेकंदांत गाडी तेहतीस मीटर जाते. घाटात तेवढ्यात एक वळण संपून दुसरं सुरू होतं. कडेने डोक्यावर मोळी घेऊन चालणाऱ्या बायका असतात, सायकलवरची पोरं असतात, त्या पांढऱ्यात ती सगळी नाहीशी होतात. डिप्पर मारून उपयोग नसतो, कारण त्या बारचा स्विच अप्परशी जोडलेलाच नसतो. ड्रायव्हर डिप करतो, हेडलाईट खाली जातो, बार तसाच.

हर्सूलवाट दादा, लाईट जरूर लावा, तुमची गरज मला रोज दिसते. फक्त डिप केलं की ते आपोआप विझले पाहिजेत, असंच वायरिंग करून घ्या.

बाबाराव_निफाड

डॉक्टरताई, एक नंबर बोललात. त्यात आमच्या ट्रॅक्टरवाल्यांचंही सांगतो. द्राक्षाची फवारणी संध्याकाळी-रात्री चालते, ब्लोअरवर नजर ठेवायला ट्रॅक्टरच्या मागे वर्क लाईट असतो. बागेतून रस्त्यावर आलं तरी तो विझवत नाहीत. मागून येणाऱ्याला वाटतं समोरून गाडी येतेय. कांद्याच्या सीझनला पिंपळगाव, लासलगावकडे रात्री ट्रॉल्यांची रांग, मागे ना टेललाईट ना रिफ्लेक्टर. थारवाल्यांनी लाईट लावले तरी त्या ट्रॉलीवर चिकटवायची लाल पट्टी कोणी लावत नाही. आमच्या सोसायटीत मी ते लावून घ्यायला मागे लागलोय, निम्म्यांना झालंय.

अंबडचा_वायरमन

आता कामाचं. तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"हेडलाईटच्या वायरीला जोड मारतो" म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका, हा तुमचा निर्णय बरोबर. हेडलाईटची वायर, स्विच आणि फ्यूज त्याच्या स्वतःच्या बल्बपुरते मोजून दिलेले असतात. ५५ वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॉट, चालू गाडीत आठ-नऊ अँपिअर. हा भार मूळ वायरीवर टाकला की वायर तापते, स्विचचे पॉइंट जळतात, आणि नव्या गाड्यांत बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक) असेल तर ते बल्बचा करंट मोजत असतं, ते बिथरतं. वॉरंटीही जाते.

म्हणून रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. चार पायांचा साधा बारा व्होल्टचा रिले. ३० नंबरला बॅटरीचा पॉझिटिव्ह, ८७ वरून लाईटला, ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं. कॉइल खाते जेमतेम दीड-दोनशे मिलिअँपिअर, त्यामुळे डॅशबोर्डवरचा स्विच आणि अप्परची वायर यांच्यावर काहीच ताण येत नाही. अप्परच्या वायरीतून बारीक वायर काढायची, केबिनमधल्या स्विचमधून न्यायची आणि ८६ ला द्यायची. ८५ अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला. आता स्विच ऑन आणि अप्पर ऑन, दोन्ही असेल तेव्हाच लाईट पेटतात. डिप केलं की लाईट गेले. डॉक्टरताई म्हणतात ते एवढ्याशा वायरीत होतं.

एक खबरदारी. काही गाड्यांत हेडलाईटचा पॉझिटिव्ह कायम असतो आणि स्विचिंग निगेटिव्ह बाजूला होतं. आधी टेस्ट लॅम्पनं बघा. तसं असेल तर ८६ ला फ्यूजमधून पॉझिटिव्ह आणि ८५ ला अप्परची निगेटिव्ह वायर, स्विच मध्ये. आणि डायोडवाला (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग आत असलेला) रिले घेतलात तर ८५-८६ उलटसुलट चालत नाहीत. उलट जोडले तर करंट डायोडमधूनच जाऊन तो उडतो.

फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरावर. लाईटजवळ नाही. फ्यूज लाईटला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. वायर कुठेही घासून बॉडीला लागली तर बॅटरीपासून तिथपर्यंत सगळी वायर पेटू शकते. हॅलोजन जोडीला १५ अँपिअरचा निळा फ्यूज, चाळीस-चाळीस वॉटच्या एलईडीला १० चा लाल पुरतो. उडाला म्हणून ३० चा हिरवा घालू नका, का उडाला ते शोधा.

वायरीची जाडी. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये पाऊण एमएमची वायर असते. बॅटरीपासून लाईटपर्यंत चार मीटर धरली आणि नऊ अँपिअर वाहिले तर वाटेतच साधारण पाऊण-एक व्होल्ट जातो. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या जवळजवळ साडेतीनाव्या घाताने पडतो, म्हणजे सहा टक्के व्होल्ट गेले की वीस टक्के उजेड गेला. तीच वायर अडीच एमएमची घेतली तर नुकसान पाव व्होल्टचं. लोक लाईट बदलत बसतात, खरं तर वायर बदलायला हवी असते.

मिसळपंढरी

वाचनखूण साठवली. काका, हा प्रतिसाद छापून गॅरेजमध्ये लावतो.

कसारा_धुकं

वायरमन काकांच्या फ्यूजच्या मुद्द्याला एक उदाहरण. आमच्यासोबत आलेल्या एका जुन्या जीपला वैतरणा धरणाच्या बॅकवॉटरकडे जाताना जळका वास यायला लागला. बॉनेट उघडलं तर रेडिएटरच्या पट्टीवरून गेलेली लाईटची वायर, स्लीव्ह नाही, क्लिप नाही, पत्र्याच्या धारेवर घासून तांबं उघडं. वरचं प्लॅस्टिक वितळून तपकिरी, चिक्कीसारखं कडक, बोट लावलं की कडकन तुटायचं. बॅटरीपासून फ्यूज नव्हताच. दहाचा पाना हाताशी होता म्हणून टर्मिनल पटकन सुटलं. तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये निघण्याआधी सगळ्यांचं वायरिंग बघतात.

आता मूळ प्रश्नातल्या धुक्याबद्दल. मी इगतपुरी-कसारा पट्ट्यात वर्षानुवर्षं रात्रीचा जातोय. धुक्यात उजेड वाढवून काही होत नाही, उंची कमी करून होतं. लॅम्प जितका खाली आणि झोताची वरची कड जितकी सपाट कापलेली, तितकं बरं. डोळ्यांच्या रेषेतलं धुकं उजळलं नाही की त्याखालचा रस्त्याचा पांढरा पट्टा दिसतो. लांब फेकणारे लाईट धुक्यात बंदच ठेवायचे.

गोदाकाठची_वैशाली

आणि पिवळ्याचं काय? आमचे बाबा म्हणतात पिवळा लाईट धुकं भेदतो.

कसारा_धुकं

भेदत नाही ताई. धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा खूपच मोठे, त्यामुळे निळा काय, पिवळा काय, सगळे सारखेच विखुरतात. पण पिवळ्या उजेडात निळा भाग कमी असतो, म्हणून डोळ्यांना चमक कमी टोचते, बऱ्याच जणांना आराम वाटतो. तो आराम खराच आहे, त्यामुळे बाबांशी भांडू नका. फक्त पांढऱ्या लॅम्पवर पिवळी फिल्म चिकटवली की उजेडही थोडा अडतो, हे लक्षात ठेवा.

अवांतर_आजोबा

अवांतर: फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत सगळ्या गाड्यांचे हेडलाईट पिवळेच असायचे, कायदाच होता. युरोपचे नियम एकसारखे झाले तेव्हा तो गेला. आमच्या कंपनीत एक फ्रेंच इंजिनिअर यायचा, त्याला पांढऱ्या लाईटची गाडी परकी वाटायची.

सटाण्याचा_भाऊ

सगळे लाईटवरच बोलताय, पण धागाकर्त्याला नेमकं काय दिसत नाही ते कोणी बघितलं का? तो म्हणतो वळणाच्या आत दिसत नाही, डाव्या चाकाची बाजू दिसत नाही. लांबचं दिसत नाही असं कुठे म्हणतोय? पाड्याच्या वाटेवर गाडी पंधरा-वीसनेच चालते ना भो. मग अर्धा किलोमीटर फेकणारा स्पॉट घेऊन करायचं काय?

आकडा मांडून बघा. चाळीसच्या वेगात, मुरमाच्या रस्त्यावर, ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर गाडी थांबायला तीस-बत्तीस मीटर लागतात. साठच्या वेगात हेच साठ मीटर. साधा डिपर पन्नास-साठ मीटर दाखवतो. वीसच्या वेगाला लांबीची कमतरता नाहीच, कमतरता आहे रुंदीची. साल्हेर-मुल्हेरकडच्या आमच्या वाटांना मी हेच शिकलो. जवळ आणि बाजूला उजेड पाहिजे.

डोंगरभैरव

सटाण्याचा भाऊ, पटलं. मी "बंपरवर" म्हणालो ते अर्धंच होतं, झोत कसला ते सांगायला हवं. वाइड किंवा कॉर्नरिंग झोत, बंपरच्या दोन्ही कडांना, किंचित बाहेर वळवलेले. घाईत कोणी स्पॉट गळ्यात मारू नये म्हणून खोक्यावर झोताची आकृती बघून घ्या.

खोक्यावरच्या ल्युमेनकडे मात्र बघू नका. तो आकडा बऱ्याचदा नुसत्या चिपचा असतो, काचेबाहेर किती पडतो त्याचा नाही. एक लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) किती मीटरवर मिळतो हे ज्याने दिलंय, त्याचा आकडा धरा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणून मोठाले आकडे प्रत्यक्षात तेवढे मोठे नसतात.

टूल्सवाला_सातपूर

एलईडी की हॅलोजन याला कोणी हात लावला नाही. एलईडी करंट कमी खातो, धक्क्याने तंतू तुटत नाही. पण स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे आतलं करंट सांभाळणारं सर्किट, रेडिओ पकडू देत नाही. लाईट लावला की एफएमवर खरखर. उघड्या पाठीला ॲल्युमिनियमचे पंख असतात, त्यात चिखल भरला की उष्णता अडकते आणि एलईडी मंद होतो, तेव्हा गाडी धुताना लॅम्पची पाठही धुवा. हॅलोजनचा उजेड धुळीत आणि पावसात मला जास्त सुसह्य वाटतो, बल्ब कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतो. हर्सूलला एलईडी बिघडला तर नवाच लॅम्प आणावा लागणार.

सावळघाट_डॉक्टर

बल्ब मिळण्याचा मुद्दा आमच्या भागात फार मोठा. पण ओहोळांचं काय? पावसात गाडी बंपरएवढ्या पाण्यातून काढावी लागते.

टूल्सवाला_सातपूर

ताई, लॅम्पवर आयपी ६७ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो. पण ती चाचणी नव्या, नीट सील असलेल्या लॅम्पची. तापलेला लॅम्प गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमध्ये बारीक फट असली तरी पाणी आत ओढलं जातं. जुन्या लॅम्पच्या काचेवर आतून वाफ धरते ती यामुळेच. ओहोळाआधी जरा थांबून पाणी किती, तळ कसा, हे उतरून बघावंच, तेवढ्यात लाईट बंद ठेवले की ते निवतात. मुरलेला चालक तेवढा थांबतोच.

काजवेवाला

मी वेगळंच बोलणार आहे, रागावू नका. मे अखेर ते जून मध्य भंडारदऱ्याला काजवे बघायला नाशिकहून घोटीमार्गे गाड्यांची रांग लागते. त्यात दरवर्षी काहीजण टपावरचे बार पेटवून जातात. काजव्यांची चमक म्हणजे नर-मादीचा संकेत असतो, एकमेकांना शोधण्याचा. त्यावर लाईट पडला की झाड विझतं आणि बराच वेळ परत लुकलुकत नाही. ती माणसं मग म्हणतात "यंदा काजवे कमी आहेत." कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा परिसर आहे तो. लाईट लावताय तर तिथे झाकणं घालून या, अप्परही टाळा, आणि गाडी गावातच लावून चालत जा. एवढीच विनंती.

डोंगरभैरव

यात रागावण्यासारखं काय? बरोबरच बोललास. आमच्या ग्रुपच्या नियमात हे लिहून टाकतो.

मिसळपंढरी

काका, एक शंका. वायरी जोडताना कापून टेप गुंडाळतात ते चालतं का?

अंबडचा_वायरमन

नाही चालत. टेपचा गोंद इंजिनच्या उष्णतेनं सुटतो. थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) लावून क्रिम्प करा, म्हणजे दाबून बसवा, क्रिम्पिंगचाच पाना वापरा, पक्कडीनं दाबू नका. वर हीट श्रिंक स्लीव्ह. नुसतं सोल्डर करू नका, सोल्डर वायरीत वर चढतं आणि जिथे संपतं तिथे वायर थरथरीनं तुटते. घरातली कडक वायर गाडीत वापरू नका, बारीक तारांची ऑटो वायर घ्या. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आत जाताना कंपनीच्याच भोकातून, रबरी ग्रोमेटमधून. नवं भोक पाडलंत तर पत्र्याची धार घासून घ्या, गंजरोधक रंग लावा, आणि ग्रोमेट नसेल तर वायर घालूच नका. अर्थ रंगावर नको, बोल्टखाली पत्रा चकचकीत घासून.

फोकस सेट करायचा तर संध्याकाळी सपाट जागेवर, गाडीत रोजचं वजन भरून. मागे सामान भरलं की नाक वर होतं. भिंतीपासून दहा मीटरवर उभी करा. भिंतीवर लॅम्पच्या उंचीची खडूनं रेघ मारा. झोताचा मध्य त्या रेघेच्या दहा सेंटिमीटर खाली आला पाहिजे. लॅम्प जमिनीपासून ८० सेंमीवर असेल तर तो ८० मीटरवर जमिनीला टेकतो. वाइडचा याहून थोडा खाली चालेल, तुम्हाला जवळचंच बघायचंय.

पंचवटीचा_वकील

वायरमन साहेब, वाइड लाईट तर कमी वेगाच्या वाटेवर वापरायचे. मग अप्परशी बांधायची सक्ती का? वाटेवर डिपर चालू ठेवून वाइड पेटवता आला तर बरं नाही का?

अंबडचा_वायरमन

वाइड असले तरी अप्परलाच बांधा. पाड्याच्या वाटेवर अप्पर लावलाच आहे, अडचण काही नाही. एकदा स्वतंत्र स्विच दिला की डांबरीवर आल्यावर तो विसरणार, आणि डॉक्टरताईंच्या डोळ्यांत जाणार.

सावळघाट_डॉक्टर

धन्यवाद काका.

हर्सूलवाट

सगळ्यांचे आभार, खरंच. सटाण्याच्या भाऊंनी प्रश्नच सरळ केला. मी लांबच्या लाईटच्या मागे लागलो होतो, हवं होतं रुंद. ठरवलंय ते असं: बुल बार नाही. बंपरच्या मूळ बोल्टवर बसणारी ब्रॅकेट, दोन वाइड झोताचे हॅलोजन, ५५ वॉट, बल्ब हर्सूलला मिळतो म्हणून. अडीच एमएम वायर, १५ चा फ्यूज, डायोडवाला रिले, अप्परला बांधलेला. काळी झाकणं दोन. धुक्यासाठी वेगळे घेत नाही, कंपनीचे फॉग आहेत त्यांचाच फोकस खाली आणतो. वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून आरटीओत लेखी विचारून घेतोय, होकार आला की मगच काम. बजेटच्या आतच बसतंय असं दिसतंय.

काका, रविवारी तुमच्याकडे गाडी आणली तर चालेल का? ब्रॅकेट ताडून बघता येईल आणि वायरिंगची मोजमापं घेता येतील. बाकीचं मंजुरी आल्यावर.

अंबडचा_वायरमन

आणा की. सकाळी नऊला या, मोजमापं घेऊ आणि अप्परचं स्विचिंग पॉझिटिव्ह की निगेटिव्ह तेही बघून ठेवू. वायर आणि लॅम्प मात्र रविवारनंतरच घ्या, म्हणजे मापाबाहेर काही येणार नाही. टेस्ट लॅम्प, क्रिम्पिंगचा पाना, स्लीव्ह माझ्याकडे आहे. भिंत पलीकडच्या गोडाऊनची आहे, काम झालं की सातच्या सुमारास फोकस तिथेच बघू.

बाबाराव_निफाड

काका, मी पण येऊ का? ट्रॅक्टरचा मागचा वर्क लाईट गिअर टॉपला टाकला की आपोआप विझेल असा काही स्विच बसवता येईल का ते विचारायचंय.

अंबडचा_वायरमन

या. गिअर लिव्हरच्या बाजूला एक मायक्रो स्विच बसतो का बघू, नाही तर रस्त्यावर येताना डॅशवर लाल दिवा लागेल असं करून देतो. ट्रॅक्टर नका आणू, नुसते फोटो आणा, गल्ली अरुंद आहे.